रविवारचे जव

आमच्या बेटावरच्या कॅमस दूच्या भट्टीतली व्हिस्की मी आजवर चाखलेली नाही. सोळाव्या वर्षी देवळाच्या ख्रिस्ती मंडळीत नाव घातलं तेव्हा तसं वचन दिलं होतं, ते पाळलं. पण तिचा वास कंपनीच्या कुठल्याही साहेबापेक्षा मला जास्त कळतो. आधी वडिलांचे आणि मग नवऱ्याचे कपडे मीच धुतले, चाळीस वर्षं. पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा धूर, ओलं शेवाळ, होडीला लावतात ते डांबर, आणि सगळ्यात खाली, शिवणीत अडकून बसलेला मोड आलेल्या जवाचा गोडसर वास. धूर दोन पाण्यांत निघतो. जवाचा वास निघत नाही.

भट्टी आमच्या दारापासून दोनशे पावलांवर. कोठाराची मागची भिंत समुद्रातच उभी आहे. हिवाळ्यात लाट आपटली की आतली पिंपं एकमेकांना हळूच लागतात, असं माझा नवरा टॉर्किल म्हणायचा. दीडशे वर्षांपूर्वी दोन भावांनी ती बांधली. थोरला खाडीच्या गुहेत चोरून दारू गाळायचा आणि धाकटा सरकारच्या अबकारी खात्यात होता, त्याला पकडायच्या नोकरीवर. ही गोष्ट एखन सांगायचा. "दोघं दिवसभर एकमेकांना टाळत हिंडायचे आणि संध्याकाळी आईच्या हातचं एकाच ताटात जेवायचे. शेवटी आई कंटाळली. म्हणाली, परवाना काढा नाहीतर वेगळे जेवा."

एखन म्हणजे टॉर्किलचा मोडघरातला जोडीदार. टॉर्किल आणि तो, असे दोघंच उरले होते तेव्हाची ही गोष्ट आहे. साल एकोणीसशे एकाहत्तर.

मोडघर म्हणजे भट्टीतली सगळ्यात लांब, सगळ्यात बुटकी इमारत. जव दोन दिवस ओढ्याच्या तांबूस पाण्यात भिजवायचे आणि मग तिथल्या दगडी जमिनीवर वीतभर जाडीने पसरायचे. आठवडाभरात त्यांना मोड येतात. मोड येताना दाणा तापतो. म्हणून लाकडी फावड्याने सगळी जमीन उलटायची, सकाळी, दुपारी आणि रात्री. एका टोकापासून सुरू करायचं, फावडं सारायचं, उचलायचं, मनगट वळवून हवेत पसरून टाकायचं आणि एक पाऊल मागे यायचं. नाही उलटलं तर दाण्यांची मुळं एकमेकांत गुंततात, कोंब बाहेर येतात आणि सगळ्याची मिळून घोंगडी होते. जवाला वार कळत नाही. रविवारीही उलटावंच लागतं.

हे काम करणाऱ्याचा एक खांदा खाली जातो. माझ्या वडिलांचा गेला होता. टॉर्किलचा उजवा खांदा लग्नातच दोन बोटं खाली होता, आईने कोट शिवताना तिकडे जास्तीची पट्टी घातली होती.

एखन टॉर्किलहून बारा वर्षांनी मोठा. लग्न केलं नव्हतं, आणि आईला पुरलं त्या दिवसानंतर देवळाची पायरी चढला नव्हता. दिवसातून तीनदा भट्टीची घंटा व्हायची आणि व्यवस्थापक पिटकेर्नसाहेब तांब्याच्या मापाने प्रत्येकाला ताज्या, रंग न आलेल्या दारूचा घोट द्यायचे. धुळीचं काम असेल तर एक घोट जास्त. एखन माप पुढे करून म्हणायचा, "साहेब, माझा जन्मच धुळीचा आहे, बायबलात लिहिलंय, विचारा टॉर्किलला."

टॉर्किलला विचारायचं, कारण टॉर्किल देवळात स्तोत्र उचलून द्यायचा. आमच्याकडे बाजा नसतो. एक जण उभा राहून ओळ गातो आणि सगळी मंडळी ती मागून हळूहळू उचलते. त्यासाठी आवाजापेक्षा धीर लागतो. तो टॉर्किलकडे होता.

आता मी जे सांगणार आहे ते तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत आमच्या इशबेलला मेंदूज्वर झाला. सात वर्षांची होती. समुद्र खवळलेला, बोट तीन दिवस आली नाही, डॉक्टर पलीकडच्या धक्क्यावर अडकलेला. तिसऱ्या दिवशी तिची मान लाकडासारखी झाली आणि ती मला ओळखेना. मी तिच्या पलंगाशी गुडघे टेकले आणि देवाला शब्द दिला, ही वाचली तर या घरातलं कुणी तुझ्या दिवशी, रविवारी, कामाला हात लावणार नाही. संध्याकाळी तिने पाणी मागितलं.

आमच्या मंडळीत देवाशी असा सौदा करणं बसत नाही. देव बाजारात बसलेला नाही, असं आमच्या देवळाचे पाळकसाहेब म्हणतात आणि ते खरंच आहे. म्हणून बाहेर कुठे बोलले नाही. फक्त टॉर्किलला सांगितलं. तो लापशी खात होता. चमचा तसाच धरून त्याने ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एखनशी बोलला. गाण्याच्या तयारीत रविवार जातो, तेव्हा रविवारची तिन्ही फावडी तू घे, मी तुझे शुक्रवार आणि शनिवार घेतो.

"म्हणजे स्वर्ग तुला आणि फावडं मला," एखन म्हणाला.

"शनिवार मोकळा मिळतोय तुला."

"मिळू दे. जा बाबा, गा तिकडे. इथे गातोस तेव्हा मोड वाकडे येतात."

दोन वर्षं हे नीट चाललं. एखन शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवायचा. मी रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी एक स्तोत्र वाचते आणि झोपताना एक, आणि दोन्ही वेळा प्रार्थनेची एक यादी असते. एखनला ते ठाऊक होतं.

"बेथाग, तुझ्या यादीत मी अजून आहे का?"

"आहेस."

"कितवा?"

"आजाऱ्यांच्या नंतर. खलाशांच्या आधी."

"ऐकलंस का, टॉर्किल? बढती मिळाली! गेल्या साली मी मेंढ्यांच्या साथीच्या मागे होतो." मग बटाटा तोडता तोडता म्हणायचा, "पण जरा बेताने माग हं, बाई. देवाने ऐकलं तर रविवारी जव कोण उलटणार?"

आम्ही तिघंही हसायचो. मीसुद्धा.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये ग्लासगोहून कंपनीचं पत्र आलं. मुख्य भूमीवर यंत्राने मोड आणणारा मोठा कारखाना झाला होता. तिथून तयार जव गाडीने आणि बोटीने आणले तर मोडघर ठेवायची गरज नव्हती. मेच्या शेवटी दोन माणसं येणार, मोडघर बघणार आणि ठरवणार. पिटकेर्नसाहेब मोडघराच्या बाजूने होते. मुख्य भूमीचे असले तरी त्यांना त्या जमिनीचा अभिमान होता. ते टॉर्किलला म्हणाले, "त्यांना फक्त नीट चाललेलं काम दिसायला हवं. बाकीचं मी बोलतो. तुम्ही जमीन सांभाळा."

एका सकाळी बूट बांधता बांधता टॉर्किल मला म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही, बेथाग." एवढंच. बुटाची नाडी दोनदा सोडून त्याने पुन्हा बांधली.

कंपनीची माणसं शनिवारच्या बोटीने आली, कारण रविवारी बोट नसते. मोडघर ते सोमवारी बघणार होते. आणि तोच आमचा प्रभुभोजनाचा रविवार होता.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, वर्षातून दोनदा असतं आणि ते एका दिवसाचं नसतं. गुरुवारी उपासाचा दिवस, शुक्रवारी प्रश्नोत्तरं, शनिवारी तयारी, मग रविवार, आणि सोमवारी आभाराची सभा. दुसऱ्या बेटांवरून माणसं येतात, घराघरांत पथाऱ्या पडतात. त्या वेळी उत्तरेकडून एक म्हातारे पाळक आले होते. आवाज इतका हळू की ऐकायला श्वास धरावा लागे.

गुरुवारी भट्टी बंद होती आणि जव उलटण्यापलीकडे एखनला काही उद्योग नव्हता. मी म्हटलं, "ये की देवळात. नंतर मटणाचा रस्सा आहे."

"उपासाला रस्सा?"

"सभा झाल्यावर. आधी ऐकायचं, मग खायचं."

"किती वेळ ऐकायचं?"

"अडीच तास."

"अडीच तासांचा रस्सा," एखन म्हणाला. "त्यात मांस तरी भरपूर घाल." आणि आला. दाराजवळच्या बाकावर गुडघ्यावर टोपी ठेवून बसला. रस्सा खाताना एकही थट्टा केली नाही. मी दुसऱ्यांदा वाढायला गेले तर वाडग्यावर हात धरला.

शुक्रवारी तो न बोलावता आला. शनिवारी जेवायला आला नाही. पीट कापायला गेलेल्या बायकांनी सांगितलं, एखन वर दलदलीत कापलेल्या पीटच्या ढिगावर बसून आहे. रडतोय की काय कळलं नाही, तोंड पलीकडे होतं.

मला कळलं. त्या रात्री मी त्याचं नाव मागण्याच्या यादीतून काढलं आणि आभाराच्या यादीत घातलं.

रविवार उजाडला तो गरम. मेमध्ये आमच्याकडे असा दिवस वर्षाआड येतो. वारा नाही, समुद्र तेलासारखा, आणि चिलटं. मी इशबेलला बाहेर काढलं तेव्हा भट्टीच्या बाजूने जवाचा वास येत होता. रोजच्यापेक्षा जड होता. तो माझ्या ध्यानात आला. उन्हामुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं.

एखन वडिलांचा काळा कोट घालून आला. कोट त्याला आखूड होता. मधल्या वाटेने चालत तो तिसऱ्या बाकापर्यंत आला आणि बसला. अख्ख्या देवळात कुणी मान वळवली नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. टॉर्किल समोर, मंडळीकडे तोंड करून उभा होता. पहिली ओळ त्याने उचलली ती नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. आनंदाने लागली होती. मंडळीला मागून तिथवर चढायला त्रास झाला.

त्याला वाटलं, एखनने पहाटे जव उलटले आणि मग आला. मलाही तसंच वाटलं. एखन मोठा हिकमती माणूस.

सभा चार तास चालली. सुटल्यावर देवळाच्या आवारात, कबरींच्या भिंतीशी, एखन आमच्याकडे आला. डोळे लाल, चेहरा धुतल्यासारखा. टॉर्किलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला.

मग एखनने विचारलं, "वरच्या टोकाला फार तापले होते का रे?"

"काय?"

"जव. सकाळी तू उलटलेस ना?"

"मी? रविवार तुझा, एखन."

एखनचं तोंड उघडं राहिलं. "अरे, पण मी आज… मला वाटलं, तू तर जुना माणूस आहेस देवाच्या घरचा. तुला चालतं. पाळकसाहेबांची ना नाही, गरजेचं काम म्हणतात ते. मी आजच आलोय, मला कसं… मला वाटलं, टॉर्किलला कळेलच."

"मला वाटलं, तू करून आलास."

शेवटचं फावडं शनिवारी रात्री नऊला टॉर्किलने मारलं होतं. आता दुपारचे तीन वाजत आले होते. दोघांनीही हिशेब केला, मला तो त्यांच्या तोंडावर दिसला. टॉर्किलने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात इशबेलचा हात होता. सभेत तिला पेपरमिंट दिलं होतं, ते तिने तोंडातून काढून मुठीत धरलं होतं, आणि आमचे तळवे एकमेकांना चिकटले होते.

मी तो हात सोडला नाही.

"मी जातो," एखन म्हणाला. "कोट काढतो आणि जातो. एका तासात होईल."

"एखन," मी म्हटलं, "आजच आलास आणि आजच मागे फिरतोस?"

मी हे हळूच म्हटलं होतं. मी मोठ्याने बोलत नाही. एखन लाल झाला, मग पांढरा. टोपी हातात फिरवत उभा राहिला. मी देवाला दिलेल्या शब्दाची त्याला काही कल्पना नव्हती. त्याला वाटलं, देवाचंच म्हणणं असं आहे. तो वळला आणि आपल्या घराकडे चालू लागला, भट्टीची वाट सोडून, लांबून.

घरी आम्ही गार मटण आणि शनिवारी उकडलेले बटाटे खाल्ले. रविवारी आमच्याकडे चूल फक्त चहापुरती. इशबेल खाटेवर चित्रांचं बायबल घेऊन पडली. टॉर्किल खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. खिडकी बंद होती, तरी वास आत येत होता. आता तो गोडसर राहिला नव्हता. काकडी चिरल्यावर येतो तसा, हिरवा.

"उगवतंय," टॉर्किल म्हणाला.

मी भांडी एकावर एक ठेवली. सोमवारी धुवायची होती.

मी फक्त 'जा' म्हणायचं होतं. तो उठला असता. दारामागे त्याचे कामाचे बूट होते. त्याने स्वतःहून विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं आणि ते ओझं त्याला माझ्यावर टाकायचं नव्हतं. त्याचा स्वभावच तसा होता. मी इशबेलकडे बघत होते. ती पान उलटताना बोट चाटत होती. मला आत काहीच होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या आजारात तिचा हात धरून बसले होते तेव्हाही असंच झालं होतं. हात लाकडाचा होतो आणि आपण तो दुरून बघतो.

पाच वाजता दार वाजलं. आमच्या गावात रविवारी कुणी कुणाचं दार वाजवत नाही. पिटकेर्नसाहेब होते. चेहऱ्यावर घाम. ते आमच्या मंडळीचे नव्हते. गावच्या दुसऱ्या देवळात जायचे, तिथे तासाभरात सुटका होते.

"टॉर्किल, मोडघरात कुणी गेलं नाही का आज? पाहुणे जेवणानंतर फिरायला निघाले, म्हणाले आत डोकावू. पार तापलंय! मधोमध हात घालवत नाही. एखनच्या घरी गेलो तर तो दार उघडत नाही, आतून रडल्याचा आवाज येतोय. काय चाललंय काय?"

टॉर्किल उभा राहिला होता. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्याचा खाली गेलेला खांदा आणखी खाली आल्यासारखा दिसला.

"आज रविवार आहे, साहेब," मी म्हटलं.

"मला माहीत आहे आज रविवार आहे, बाई! गेल्या रविवारीही रविवारच होता!"

"टॉर्किल येऊ शकणार नाही."

साहेबांनी रुमाल काढून घाम पुसला. मग टॉर्किलला म्हणाले, अगदी हळू, "तुम्ही स्वतः सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी जातो."

टॉर्किल म्हणाला, "बायको सांगतेय ते बरोबर आहे, साहेब."

ते गेले. मी दार लावलं.

थोड्या वेळाने फावड्यांचा आवाज आला. साहेब आणि ग्लासगोचे दोन पाहुणे, तिघांनी कोट काढून स्वतःच सुरुवात केली होती. मोडघराच्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि वारा नव्हता, सगळं ऐकू येत होतं. दगडावर फावडं घासलं जात होतं, धरबंद नसल्यासारखं. लाकडी फावडं जमिनीला घासत नाही, सरकतं. त्यांचं घासत होतं, अडकत होतं, मग कुणीतरी दम खात होतं. मग बुटांचा आवाज. मोडावर बूट घालून चालत होते. आमच्याकडे मोडघरात जाताना कापडी तळाचे जोडे घालतात.

टॉर्किल पुन्हा खुर्चीत बसला होता, हात मांडीवर. बोटं अर्धी मिटलेली. आवाज आला की त्याचं उजवं मनगट वळायचं, अगदी थोडं, आणि परत यायचं. तिघं चुकले की त्याचं मनगट त्यांच्या पुढे निघून जायचं आणि थांबून राहायचं. सात वाजेपर्यंत असं चाललं. इशबेलने एकदा विचारलं, "बाबा काय करतायत?" मी म्हटलं, "विसावा घेतायत."

संध्याकाळच्या सभेला टॉर्किलने स्तोत्र उचललं. बरोबर पट्टीत.

सोमवारी पहाटे तो आणि एखन मोडघरात गेले. आभाराच्या सभेला दोघंही आले नाहीत. मी दुपारी डबा घेऊन गेले. जमिनीवरचे जव तुकड्यातुकड्यांत उभे होते, कुदळीने उकरलेल्या गवतासारखे. दोघं गुडघ्यांवर बसून हातांनी मुळं सोडवत होते. पोपटी कोंब नखभर बाहेर आले होते. तेवढे आले की दाण्यातली साखर कोंबातच जाते, दारूला काही उरत नाही.

एखन म्हणाला, "बेथाग, मला परत यादीत घाल."

"आभाराच्या यादीत आहेस."

"तिथे नको. आधीच्याच जागेवर घाल. खलाशांच्या आधी."

टॉर्किल हसला नाही. एखनही हसला नाही, पण त्याने ते टॉर्किलला हसवायलाच म्हटलं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यात रविवारचा उल्लेख नव्हता. मनुष्यबळावर अवलंबून असलेली पद्धत भरवशाची राहिलेली नाही, असं काहीतरी होतं. ऑक्टोबरपासून जव बोटीने येऊ लागले, पोत्यांत, मोड आणून आणि पीटच्या धुरावर भाजूनच. पीट कापणाऱ्या बायकांचंही काम गेलं. दारू तीच राहिली का, यावर गावात वाद झाला. जुने लोक म्हणायचे, धूर आहे पण धुराखाली काही नाही. मला त्यात बोलता येत नव्हतं. टॉर्किलच्या सदऱ्याला मात्र आता फक्त ओल्या लाकडाचा वास यायचा, कारण त्याला कोठारात पिंपं लोटायचं काम मिळालं. त्या खराब जवाचीही दारू काढली होती. कमी निघाली, सहा पिंपं. त्यांचे क्रमांक टॉर्किलला पाठ होते. बारा वर्षांनी ती दुसऱ्या व्हिस्कीत मिसळायला बाहेर गेली. ज्याने चाखली त्याने सांगितलं, वाईट नव्हती आणि चांगलीही नव्हती.

त्या साली ऑगस्ट सगळा पावसात गेला, तेव्हा मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. दिलेला शब्दही सांगितला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"त्या कामाला मी कधीच मनाई केली नव्हती, बेथाग," ते म्हणाले. "खड्ड्यात पडलेला बैल रविवारीही काढायचाच असतो. देवाने तुमच्याकडे हे मागितलं नव्हतं."

"पण मी दिलं होतं," मी म्हटलं.

ते उठले आणि त्यांनी किटली चुलीवर ठेवली. मला चहा दिला.

टॉर्किलने मला कधी बोल लावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. तो पहिल्यासारखाच होता. जेवण झालं की ताट उचलायचा, मुलीला गणित शिकवायचा, रविवारी स्तोत्र उचलायचा. खांदा मात्र वर आला नाही. एकदा मी कोटातली जास्तीची पट्टी काढायला घेतली, कारण आता फावडं नाही, खांदा सरळ होईल असं मला वाटलं. तो म्हणाला, "राहू दे." एखन पुढे मंडळीचा वडील, म्हणजे पंचांपैकी एक झाला आणि सगळ्यात लांब प्रार्थना करायला लागला. लोक वैतागायचे.

इशबेल ग्लासगोला परिचारिका झाली. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा आठवड्याची पाळी सांगत होती, मंगळवार, बुधवार, शनिवार, रविवार. मी हातातलं विणकाम खाली ठेवलं. ती म्हणाली, "माणसं रविवारी आजारी पडायची थांबतात का, आई?" टॉर्किल पेपर वाचत होता. त्याने पेपर थोडा खाली घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर घेतला. मी विणकाम पुन्हा उचललं. तिला काही झालं नाही. ती आज साठ ओलांडून ठणठणीत आहे.

मोडघराचं आता पाहुण्यांसाठी दालन केलंय. भिंतीवर चार फावडी टांगलीत, त्यातलं एक टॉर्किलचं आहे, दांड्यावर त्याच्या अंगठ्याची खाच आहे. गुळगुळीत केलेल्या जमिनीवर खुर्च्या मांडतात आणि लोक छोट्या पेल्यांतून चाखतात. मी तिकडून जाते तेव्हा माहिती देणारी तिथली मुलगी सांगत असते की एकाहत्तर साली काटकसरीसाठी हे बंद झालं.

टॉर्किल गेला त्या हिवाळ्यात त्याला दिवसवार कळेनासे झाले होते. पलंग खिडकीजवळ आणला होता. एका दुपारी मी देवळातून आले, टोपी काढली आणि पाहिलं तर त्याचं उजवं मनगट गोधडीवर वळत होतं. सारायचं, उचलायचं, वळवायचं. अगदी नीट, एका लयीत. मी त्याच्याजवळ बसले. पंधरा-वीस फावडी झाली असतील. मग हात थांबला आणि तो अस्वस्थ झाला, पांघरूण ओढायला लागला.

"जा, टॉर्किल," मी म्हटलं. "उलटून ये. मी काही म्हणत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"आज रविवार ना?"

"हो."

"मग एखन जाईल," तो म्हणाला आणि त्याने हात पांघरुणात घेतला.

एखनला पुरून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

"हो," मी म्हटलं, "एखन जाईल."